समुद्राजवळच्या घराभोवती स्टॅम्प्ड काँक्रीट: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं नाही वाचलं तरी चालेल. घराभोवतीची चालायची वाट, पुढची गाडी लावायची जागा आणि मागचा बसायचा ओटा, सगळं आम्ही स्टॅम्प्ड काँक्रीटमध्ये करून घेतलं. समुद्र इतका जवळ आहे की खिडक्यांच्या काचांवर मिठाचा थर बसतो. आता बरीच वर्षं वापरून झाल्यावर मी याला पाचपैकी चार देते आणि कुणी विचारलं तर नक्की करा म्हणते. फक्त एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे, समुद्राजवळ डिझाइन निवडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पहिल्या दिवशी कुठलाही साचा सुंदरच दिसतो, पुढे टिकायचं की नाही ते खालच्या काँक्रीटवर, त्यातल्या लोखंडावर, पाण्याच्या उतारावर आणि वरच्या सीलरवर, म्हणजे पाणी-मीठ आत जाऊ नये म्हणून वरून मारतात त्या द्रावावर ठरतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काँक्रीट ओतून सपाट करायचं, वर रंगीत पूड म्हणजे कलर हार्डनर टाकून थापीने घासून जिरवायचं, काँक्रीट जरा आवळायला लागलं की पॉलियुरेथेनच्या मोठ्या मॅट दाबून दगडाचा, विटेचा किंवा लाकडी फळ्यांचा ठसा उठवायचा. मॅट चिकटू नये म्हणून मध्ये रिलीज एजंट. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी हे तंत्र धंदा म्हणून पुढे आणलं, सुरुवातीला साचे कडक असायचे, नंतर लवचिक मॅट आल्या आणि दगडाचा खरा खडबडीतपणा उठायला लागला.

पेव्हर ब्लॉक का नाही घातले असं सगळे विचारतात. आमची जमीन रेताड, ब्लॉकच्या सांध्यातली वाळू पावसात वाहून जायची, तण यायचं आणि चाकाखाली ब्लॉक वरखाली व्हायचे, त्याला कंटाळलो होतो. पण ब्लॉकचा एक मोठा फायदा मान्यच करायला हवा, खालून पाइप न्यायचा झाला तर ते उचलून परत बसवता येतात. स्टॅम्प्ड काँक्रीट एकदा कापलं की पॅच मारलेला दिसतोच दिसतो, रंग कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून ओतायच्या आधी बागेच्या पाण्यासाठी, दिव्यांच्या वायरसाठी, पुढे कधी लागेल त्यासाठी रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, कुठून कुठे गेलेत त्याचे फोटोही काढून ठेवा.

आता लोखंडाबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वाद इथेच झाला. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं जाळी टाकलीच पाहिजे, आम्ही नेहमी टाकतो. समुद्रापासून लांब आत कुठेतरी ठीक असेल, पण खाऱ्या हवेत मिठातलं क्लोराइड ओलाव्याबरोबर हळूहळू आत शिरतं, काँक्रीटमुळे सळईवर जो संरक्षक थर असतो तो ते मोडतं आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं, वर आधी तपकिरी डाग दिसतो मग कपची निघते. आणि सुंदर दगडी नक्षीवर आलेला तो डाग पुसून जात नाही. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये जाळीच्या वर ५० मिलिमीटर तरी काँक्रीट ठेवायचं म्हटलं तर जाळी बरोबर मध्यावर धरून ठेवायला लागते, प्रत्यक्षात कामगार त्यावरून चालतात आणि ती तळाला जमिनीला टेकते, मग ना भेग सांभाळायला उपयोगी ना ओलाव्यापासून सुरक्षित. शेवटी आम्ही चालायच्या भागातून लोखंड काढूनच टाकलं, काँक्रीटमध्ये पॉलिप्रोपिलीनचे बारीक फायबर मिसळले, आणि गाडीच्या जागेला जाडी १५० मिलिमीटर करून काचेच्या तंतूंच्या, म्हणजे ग्लास फायबरच्या सळया वापरल्या ज्या गंजतच नाहीत. तिथे अजून एकही गंजाचा डाग नाही. फायबरमध्ये एकच बघायचं, जाड फायबर असतील तर पृष्ठभागावर केस दिसल्यासारखे दिसतात, बारीक घ्या आणि वर कलर हार्डनर असेल तर झाकले जातात.

फायबर असो की सळई, काँक्रीट आकसणार आणि भेग जाणार हे धरूनच चालायचं. ती कुठे जावी एवढं आपल्या हातात. त्यासाठी कंट्रोल जॉइंट, म्हणजे भेग तिथेच जावी म्हणून मुद्दाम पाडलेली खाच, १०० मिलिमीटरच्या स्लॅबला साधारण अडीच ते तीन मीटरवर, आणि खोली जाडीच्या निदान पाव म्हणजे २५ मिलिमीटर. आमच्या मिस्त्रीने हे जॉइंट दगडांच्या नक्षीच्या रेषेत इतके सुरेख बसवले की दाखवल्याशिवाय दिसत नाहीत, त्याचं खरंच कौतुक. भिंतीला लागून मात्र फोमची पट्टी हवीच, स्लॅब घराला चिकटून ओतला की उन्हात फुगला तर कुठे जाणार, भिंतीलाच ढकलणार.

काँक्रीट स्वतः घट्ट हवं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, ताकद ३० मेगापास्कलच्या आसपास. मिक्सरची गाडी आली की कुणीतरी म्हणतंच, थोडं पाणी मारू का, पटकन पसरेल. नाही म्हणून सांगा, तिथे उभं राहून सांगा, कारण ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, त्यातूनच खारं पाणी आत जातं, वाळतं, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि ओलं-सुकं होत होत वरचा पापुद्रा सुटायला लागतो. काँक्रीट सैल हवंच असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन घालतात, पाणी नाही. फ्लाय अॅश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) मिसळलं तर काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि क्लोराइड आत जायला वेळ लागतो, फक्त ते सावकाश आवळतं म्हणून स्टॅम्प करणाऱ्या टीमला आधी सांगून ठेवा. लवकर आवळावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालत असतील तर सरळ थांबवा, ते मीठच आहे, रंगही डागाळतो. किनाऱ्यावरची न धुतलेली वाळू तर अजिबातच नको.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला २० मिलिमीटर. साध्या गुळगुळीत कोब्याला कमी चालतो पण इथे ठशाच्या खाचांत पाणी अडतं, आणि जिथे पाणी साचून सुकतं तिथेच मीठ जमा होतं. आमच्या ओट्याच्या एका कोपऱ्यात उतार कमी पडलाय आणि पांढरेपणा, शेवाळ, सगळं त्याच कोपऱ्यात. बाकी जागी नाही.

ओतायच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हे मला आधी कुठे वाचायला मिळालं नव्हतं. समुद्राकाठी खरा खलनायक वारा. वाऱ्याने आणि उन्हाने वरचा थर पटकन सुकतो आणि खाली काँक्रीट अजून मऊच असतं, अशा वेळी मॅट दाबली की वरची साय फाटल्यासारखी बारीक बारीक चिरा पडतात आणि त्या कायमच्या राहतात. आमच्या टीमने पहाटे वारा पडलेला असताना ओतलं, वाऱ्याच्या बाजूने उंच ताडपत्र्या लावल्या, बाष्पीभवन कमी करणारं रसायन फवारलं आणि एका वेळी झेपेल एवढाच भाग घेतला. पृष्ठभाग सुकतोय म्हणून वरून साधं पाणी शिंपडायचं नाही, त्याने वरचा थर कमजोर होतो आणि रंग फिका पडतो. दाबायची वेळ बोटाने बघतात, बोट काही मिलिमीटर रुतलं पाहिजे पण काँक्रीट बोटाला चिकटायला नको. रिलीज पूड वाऱ्यात उडून शेजारच्या भिंती रंगवते म्हणून आम्ही मोकळ्या बाजूला लिक्विड रिलीज वापरलं. त्यात पुडीसारखी खाचांतली गडद छटा तेवढी मिळत नाही हे खरं, पण नंतर सौम्य रंगाचा हात फिरवून ती आणता येते.

रंग निवडताना आयर्न ऑक्साइडचे, म्हणजे मातकट, तांबूस, पिवळसर, करडे घ्या, ते उन्हात टिकतात. कोळशाच्या काळ्या रंगाची पूड हवापाण्यात सीलर विरळ झाला की धुऊन निघायला लागते. गडद रंगावर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही हाही मुद्दा आहेच, मुलं असतील तर फिका घ्या. आमचा वाळूच्या रंगाचा आहे, त्यावर मिठाचा पांढरेपणाही कमी उठून दिसतो आणि त्या निवडीवर मी बेहद्द खूश आहे.

आणि आता ती नाराजी, जिच्यासाठी मी एक स्टार कापला. सीलर. कॉन्ट्रॅक्टरला पुढचं काम गाठायचं होतं म्हणून त्याने दमट हवेत, काँक्रीट पुरतं सुकलेलं नसताना चकचकीत अॅक्रिलिक सीलर मारला, तोही जाड एकाच हातात. काही दिवसांत आतला ओलावा वर यायला लागला, सीलरखाली अडकला आणि मोठमोठे दुधट पांढरे पट्टे आले. फोन केले तर म्हणाला आपोआप जाईल. आपोआप जात नाही. सॉल्व्हंटवाला अॅक्रिलिक असेल तर झायलीन नावाचं सॉल्व्हंट फिरवून थर परत विरघळवता येतो आणि अडकलेला ओलावा बाहेर पडतो, आम्ही शेवटी दुसऱ्या माणसाकडून ते करून घेतलं आणि बरंचसं सुधारलं. झायलीनचा वास आणि वाफ फार वाईट, आग पटकन धरतं, मास्कशिवाय आणि ज्योतीजवळ कुणी हात लावू नका. काँक्रीट २८ दिवस तरी जाऊ द्या, प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली घाम दिसला तर सीलर मारायचा नाही. आणि नेहमी दोन पातळ हात.

चकचकीत अॅक्रिलिकने रंग ओला असल्यासारखा खुलतो, पण ओल्यात घसरतो आणि समुद्राजवळ जमीन सतत दमट. त्यात घसरण कमी करणारी बारीक पॉलिमरची कणी मिसळायला सांगा, पायाला टोचत नाही आणि दिसतही नाही. आम्ही आता वाटेवर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा आत मुरणारा सीलर वापरतो, तो चमक देत नाही, रंगही फार गडद करत नाही, पण पाणी आणि मीठ आत जाऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर सोडतो, म्हणून पांढरं होण्याची भानगड नाही. फक्त जुना अॅक्रिलिकचा थर पूर्ण काढल्याशिवाय तो मुरत नाही, म्हणून नव्याने करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच ठरवावं. अॅक्रिलिकला दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात द्यायला लागतो, तो खर्च आधीच धरा.

रोजची निगा तशी काही नाही. गोड्या पाण्याने मधूनमधून धुवायचं, विशेषतः वादळी वाऱ्यानंतर, मऊ ब्रश आणि सौम्य साबण. अॅसिड नको, रंगाचा थर खातं. प्रेशर वॉशर अगदी जवळून मारू नका.

काम संपल्यावर टीमकडून रंगाचा नंबर, सीलरचं नाव आणि प्रकार लिहून घ्या आणि कलर हार्डनरची उरलेली पूड मागून घ्या, घट्ट डब्यात कोरडी ठेवा. आमच्याकडे ती होती म्हणून गेटपाशी निघालेली कपची बऱ्यापैकी जुळवता आली.