वाइडबँड मीटर, ८ महिन्यांनंतर: जिप्सी, वेबर कार्ब आणि चिखलदऱ्याचा घाट

सेन्सर गेला, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा मीटरचा भाग. आठव्या महिन्यात मीटरवर आकड्याऐवजी एरर, आणि विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: सेन्सर वॉरंटीत येत नाही. नवा सेन्सर म्हणजे किटची जवळपास निम्मी किंमत. म्हणून तीनच तारे.

दोष सगळा विक्रेत्याचा नाही, हेही सांगतो. फ्यूज काढून ठेवला तर सेन्सरचा हीटर बंद राहतो. थंड सेन्सरवर धुराची काजळी बसते आणि तो मरतो. मीटर नको असेल तर सेन्सर काढून भोकाला बूच लावायचं. शिवाय वेल्डरनं सॉकेट पाइपाच्या बुडाला बसवलं तर सायलेन्सरमधलं पाणी थेट सेन्सरवर साचतं. सेन्सर आडव्या रेषेच्या निदान १० अंश वर कललेला हवा. किटच्या कागदावर हे मुंगीच्या अक्षरात होतं.

आता खरी चीड. मीटर ए.एफ.आर. (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा, वजनानं) दाखवतो, तोही शुद्ध पेट्रोलचा समतोल १४.७ धरून. पंपावर मिळतं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), त्याचा समतोल साधारण १३.५. सेन्सर मुळात लॅम्डाच (समतोलाच्या किती पट हवा; १ म्हणजे समतोल) मोजतो, मीटर त्याला १४.७ नं गुणून आकडा छापतो. त्यामुळे १३.५ दिसलं की 'समतोल' समजायचं नाही. ते लॅम्डा ०.९२, म्हणजे थोडं रिचच (पेट्रोल जास्त). लॅम्डा मोड दोन बटणं एकत्र दाबून ठेवल्यावर लागतो आणि बॅटरी काढली की पुन्हा पहिल्यावर. एवढं साधं लक्षात ठेवता येत नाही यंत्राला?

पण याच लॅम्डानं मत बदलवलं. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ७०० मीटर वर, हवेचा दाब ८ टक्के कमी. कार्बोरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मिश्रण त्याच्या निम्म्यानं, ४ टक्के रिच होतं. कोणीही सांगतं, 'वर जातांना जेट बारीक करा ना भाऊ.' जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक. मीटर वेगळंच सांगत होता. माझ्या ३२/३६ वेबर कार्बोरेटरमध्ये दोन्ही घशांत १३५ जेट असताना खाली फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.९६, वर ०.९२. वर गाडी खुलत होती, खाली ठोकत होती (इंजिनात टकटक). म्हणजे घाटात बिघाड नव्हताच. जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट ई२० ला खालीच लीन (पेट्रोल कमी) पडत होता.

जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १३५ चा १४० केला की क्षेत्रफळ साडेसात टक्के वाढतं. खाली ०.८९ आलं, ठोक बंद. वर ०.८६, किंचित रिच. दोन दिवसांसाठी तसंच चालतं, प्लग थोडे काळे पडतात एवढंच. वर महिनाभर मुक्काम असेल तर १३७, पुन्हा ०.८९. जेट बदलताना चोकच्या दांडीची बारीक क्लिप सुटून घशात पडते. आधी खाली फडकं कोंबा. स्क्रूड्रायव्हर खाचेच्या रुंदीचाच घ्या, पितळ लगेच सोलतं.

आयडलसाठी मिश्रणाचा स्क्रू वर पाव फेरा आत, मग आर.पी.एम. ८५० ला. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारं) खालच्यापेक्षा अडीच इंच कमी दाखवेल, ते नॉर्मल. व्हॉल्व्ह गळतोय समजून उघडायला घेऊ नका. पातळ हवेत ज्वाला सावकाश पसरते, म्हणून टायमिंग (ठिणगीची वेळ) २ अंश पुढं चालतं. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे तो एकच अंश फिरवायचा. खालची जागा आधी छिन्नीनं खुणेत धरा आणि उतरायच्या आधी तिथंच परत आणा. मे महिन्यात ४५ डिग्रीत ते दोन अंश पिस्टनला महागात पडतात.

नवा सेन्सर मागवलाय. एक तारा वाढवायचा विचार होता, पण लॅम्डा मोड काल पुन्हा उडाला.