तो चटणीचा ठसका नव्हता

मी घरी शेंगाचटणी करून विकते. उखळात तिखट पडलं की आमच्याकडे सगळ्यांनाच ठसका लागतो, म्हणून आमचा कुत्रा बाळ्या खोकायला लागला तेव्हा पहिले दोन दिवस मी चटणीलाच दोष दिला. तिसऱ्या रात्री तो मान ताणून, जुन्या भोंग्यासारखा आवाज काढत खोकला आणि शेवटी पांढरा फेस ओकला. हाड अडकलं असेल म्हणून मी तोंडात बोटं घालून पाहिलं. काही नव्हतं. भाकरी मात्र नेहमीसारखी खात होता.

सकाळी विजापूर रोडवरच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने आधी विचारलं, "इतक्यात कुठं ठेवला होता का?" ठेवला होता. हुबळीला लेकीकडे गेले तेव्हा कुत्रे सांभाळतात अशा एके ठिकाणी चार दिवस सोडला होता. आणून सहा दिवस झाले होते. "मग काकू, आत आणू नका. रिक्षातच थांबा." मला रागच आला. पण डॉक्टर स्वतः रिक्षापाशी आले. आत बाकावर दोन लहान पिल्लं होती. हा खोकला हवेतून, पाण्याच्या भांड्यातून पसरतो आणि पिल्लांत न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. या एका गोष्टीसाठी मी या दवाखान्याला पूर्ण गुण देईन.

त्यांनी गळ्यावर हलकं दाबलं, लगेच उबळ आली. छाती तपासली, ताप पाहिला: १०१.८, म्हणजे कुत्र्यासाठी नेहमीचाच. "केनेल कफ आहे, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. फुप्फुसं मोकळी आहेत, एक्स-रे नको." उगाच खर्च वाढवला नाही. गोळ्या दिल्या आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घालायला सांगितलं, कारण दोरीचा ताण घशावर आला की खोकला उसळतो. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दहा मिनिटं वाफेत बसवायचं, आणि चटणी कुटताना त्याला गच्चीवर. घरातलं खोकल्याचं औषध देऊ का, विचारलं तर स्पष्ट नाही म्हणाले. माणसांच्या औषधातलं पॅरासिटामॉलसारखं काही कुत्र्याला विष ठरू शकतं. जेवण सोडलं, धाप लागली किंवा नाकातून पिवळा शेंबूड आला तर त्याच दिवशी या, असंही बजावलं.

बाराव्या दिवशी खोकला थांबला. तरी काही आठवडे गल्लीतल्या कुत्र्यांपासून लांब ठेवला, बरं वाटल्यावरही जंतू बाहेर पडत राहतात म्हणून.

दरवर्षीची लस देऊनही हे कसं झालं, हे मला सलत होतं. त्या लसीत हा खोकला आणणारे दोन विषाणू येतात, पण बोर्डेटेला हा मुख्य जंतू येत नाही. त्याची नाकात सोडायची लस वेगळी असते. जिथे ठेवला होता तिथे कुणी हे विचारलंही नव्हतं, आणि बाळ्या आजारी पडल्याचं कळवलं तर "आमच्याकडे कुणी खोकत नाही" एवढंच उत्तर.

दवाखान्याची उणीव एकच: ही लस तिथे नेहमी नसते. मला दोन फेऱ्या पडल्या. आधी फोन करून मागवून ठेवा. अँटिबायोटिक चालू असताना देत नाहीत, त्यामुळे गोळ्या संपल्यावर थोडे दिवस थांबलो. थेंब नाकात जाताच बाळ्या डॉक्टरांच्या चष्म्यावर जोरात शिंकला. त्यांनी चष्मा पुसला, बाळ्याचं डोकं खाजवलं आणि कार्डावर पुढच्या वर्षीची तारीख लिहिली.