एमएक्स-५ आणि जिम्नी: आठ महिने दोन्ही चालवल्यावर

माझ्याकडे सध्या दोन गाड्या आहेत. एक पहिल्या पिढीची १.६ लिटरची माझदा एमएक्स-५, म्हणजे कापडी छपराची दोन सीटांची स्पोर्ट्स कार. दुसरी तीन दारांची सुझुकी जिम्नी, २०१८ साली आलेल्या चौथ्या पिढीतली, म्हणजे खडबडीत वाटांसाठीची छोटी फोर-बाय-फोर. दोन्ही मॅन्युअल. बघणाऱ्याला जोडी विजोड वाटते, पण दोघी हलक्या आहेत, साध्या आहेत आणि चालवणाऱ्याला कामाला लावतात. म्हणूनच दोन्ही ठेवल्या.

एमएक्स-५ बाजारात आली १९८९ साली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, ताकद साधारण ११५ अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण वळणाच्या रस्त्यावर तो पुरून उरतो. गिअरचा दांडा नुसत्या मनगटाने पडतो. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीने एकमेकांना जोडलेलं आहे, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना मधे ढिलाई जाणवत नाही. साठच्या वेगातही मन भरतं.

जुन्या गाडीला जपावं मात्र लागतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर सीटमागचं कार्पेट ओलं लागलं. कापडी छपरावरचं पाणी दारांच्या मागे असलेल्या भोकांतून खाली जातं, आणि तिथे पानं कुजून गाळ झाला होता. नायलॉनची जाड दोरी वरून हळूहळू सरकवली, तेव्हा खालून काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. आता दर महिन्याला दोरी घालतो.

जिम्नी खरी कळली ती ओल्या मातीच्या चढावर. चाकोऱ्या खोल होत्या. थांबलो, क्लच दाबून गिअरशेजारचा दुसरा दांडा ४एलवर (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण ओढ जास्त) टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनला आपल्या चालीने चढू दिलं. मधेच पुढचं डावं चाक हवेत गेलं आणि गरगरलं. लगेच ब्रेकची कटकट ऐकू आली, ते चाक धरलं गेलं आणि उजव्याने गाडी ओढून काढली. मी ॲक्सिलरेटरला पायही लावला नव्हता. शिडीसारखी चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि पुढे-मागे दोन्ही चाकांना जोडणारे अखंड ॲक्सल कशासाठी, ते तिथे पटतं.

हायवेवर तीच बांधणी त्रास देते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम २२५० मिमी, अंग उंच, आणि स्टीयरिंग मध्यावर सैलसर. आडव्या वाऱ्यात सतत सावरावं लागतं. मागची सीट उभी असताना डिकीत ८५ लिटरच जागा उरते, म्हणून मी ती पाडूनच ठेवतो. कोरड्या डांबरावर २एचमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालवा. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल नसल्यामुळे ४एचमध्ये (चारही चाकांवर, नेहमीच्या वेगात) वळताना टायर घासतात आणि यंत्रणेवर ताण येतो.

दोन तासांच्या सरळ प्रवासाला मी आजही एमएक्स-५च काढतो. पण पुढचे काही दिवस ती उभी राहील. तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलायचा आहे. सगळं उघडलेलं असेल, म्हणून वॉटर पंपही त्याच वेळी बदलून घेणार. जिम्नीत पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, त्यामुळे तिला हे काम नाही; तोवर तीच धावेल.