मांजरीच्या खिडकीवर लावलेली अतिनील किरणरोधक फिल्म : आठ महिन्यांनंतर

आमची मनी पांढरीशुभ्र आहे, आणि तिच्या कानांच्या टोकांवरची लव इतकी विरळ आहे की ती उन्हात बसली की आतल्या बारीक शिरासुद्धा दिसतात. गेल्या वर्षी त्याच टोकांच्या कडा लाल होऊन तिथे खपली धरू लागली. पशुवैद्यांनी हा उन्हामुळे झालेला त्वचेचा दाह असल्याचे सांगितले आणि अशा जागी वर्षानुवर्षे ऊन लागत राहिले तर पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग होऊ शकतो, याचीही स्पष्ट कल्पना दिली.

माणसांचे सनस्क्रीन तिला लावायचे नव्हते. मांजर अंगावरचे सगळे चाटते. त्यातले झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट तिच्या पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते, कारण सॅलिसिलेटसारखी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची मांजरीच्या यकृताची क्षमता फारच कमी असते. म्हणून मनीऐवजी तिच्या आवडत्या खिडकीलाच संरक्षण द्यायचे ठरवले आणि काचेला पारदर्शक फिल्म लावली.

साबणाच्या पाण्याने काच ओली करून फिल्म बसवायला तासभर लागला; राहिलेले बुडबुडे काही दिवसांत विरले. उजेड कमी झाला नाही आणि मनीने जागाही सोडली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेष्टनावर ९९ टक्के अतिनील किरण अडवण्याचा दावा आहे, पण तो कोणत्या तरंगलांबीपर्यंत लागू आहे, हे छापलेले नाही. साधी काच यूव्हीबी, म्हणजे कमी तरंगलांबीचे अतिनील किरण, बहुतांशी अडवतेच. यूव्हीए, म्हणजे जास्त तरंगलांबीचे अतिनील किरण, मात्र ४०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले असतात आणि त्यांतले बरेच काचेतून आत येतात, त्यामुळे फिल्मचा खरा उपयोग तिथेच आहे. घेण्यापूर्वी फिल्म कोणत्या तरंगलांबीपर्यंत किरण अडवते, हा आकडा जरूर विचारावा.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच होती. जाळी आहे म्हणून मी खिडकी उघडी ठेवत असे, आणि जाळीतून ऊन थेट कानांवर येते. फिल्म कितीही चांगली असली तरी काच बंद असेल तरच तिचा उपयोग! आता सकाळी दहा ते दुपारी चार खिडकी बंद असते. या फिल्मने उष्णता फारशी अडत नाही, म्हणून जवळच सावलीची जागा आणि पाणी ठेवले आहे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर ते हलक्यात घेऊ नये.

कानांवरची खपली गेली आहे, तरी दर आठवड्याला मी कान, नाक आणि पापण्या नीट पाहते. फिल्मबद्दलची उरलेली तक्रार चिकटपणाची आहे : मनी जिथे रोज गाल घासते, तो खालचा कोपरा दोनदा सुटला. सुटलेली पट्टी ती चघळू शकते, म्हणून तो भाग मी कापून टाकला.