शर्मन की तारेचा पिंजरा? विंध्याच्या जंगलात उंदीर-चिचुंद्र्या धरताना

इंदूरहून महू, मानपूर किंवा चोरलच्या डोंगरात छोट्या सस्तन प्राण्यांची पाहणी करायची, तर पहिला खर्च सापळ्यांचा. शर्मन, म्हणजे घडी होणारा ॲल्युमिनियमचा डब्यासारखा सापळा घ्यावा, की बाजारात सहज मिळणारा तारेचा पिंजरा? किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी आधी ठरवा ते एवढंच: धरायचा प्राणी केवढा आणि रात्र किती थंड.

शर्मनचा नेहमीचा आकार साधारण ७.५ × ९ × २३ सेंमी, वजन पाव किलोच्या आसपास. घडी जेमतेम दोन सेंमी जाड, त्यामुळे पन्नास नग दोघे जण पाठीवर नेतात. साध्या पिंजऱ्याची घडीच होत नाही. दहा पिंजरे घेऊन सागाच्या पाचोळ्यातून चढून पाहावं!

खरा फरक दार पडण्यात आहे. पिंजऱ्यात आमिषाचा आकडा ओढला की दार पडतं; घरच्या उंदराला हे पुरतं. रानातला दहा ग्रॅमचा उंदीर मात्र आकडा न हलवता आमिष कुरतडतो, आणि तारांची फट सेंटीमीटरभर असली तर दार पडल्यावरही निसटतो. शर्मनमध्ये पट्टीवर पाय पडला की दार मिटतं. ही पट्टी रोज बोटाने दाबून बघा; खाली माती किंवा तेलकट चुरा गेला की ती अडकते आणि सकाळी आमिष गायब, दार उघडंच. म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीची भरड यांची वाटाण्याएवढी गोळी पट्टीच्या पलीकडे, मागच्या दाराशी ठेवा. पिंजऱ्याच्या आकड्याला सुकं खोबरं, कारण ते ओढावंच लागतं. गूळ कुठेच नको: मुंग्या आधी आमिष खातात, मग अडकलेल्या प्राण्याला.

पांढऱ्या शेपटीच्या रानउंदराची शेपूट धडापेक्षा लांब असते. शर्मनच्या दारात ती सापडली तर कातडी सोलून निघते. म्हणून तो राहतो त्या खडकाळ जागी पिंजराच बरा. मात्र तार चावून प्राण्याचं नाक सोलवटतं, आणि मुंगूस किंवा कुत्रं पिंजरा उलथवतं.

डिसेंबर-जानेवारीत उघड्या पिंजऱ्यात प्राणी गारठून मरतो. शर्मन वारा अडवतो, पण धातूही गार पडतो. आत मूठभर वाळलेलं गवत हवंच. उन्हाळ्यात तोच डबा भट्टी होतो, तेव्हा ऊन चढण्याआधी तपासून बंद करा. चिचुंद्री रात्रभर उपाशी तग धरत नाही, म्हणून दहा-अकराला एक फेरी आणि पहाटे दुसरी.

आमचा कौल: १० मीटर अंतराने ७ × ७ जागा, त्यांत ४० शर्मन आणि खडकांपाशी ९ पिंजरे. प्रत्येक नोंदीत सापळ्याचा प्रकार लिहा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत. एक सापळा एक रात्र लावला की एक सापळा-रात्र; चार रात्रींच्या १९६ होतात. दार पडलेल्या पण रिकाम्या प्रत्येक सापळ्यामागे अर्धी सापळा-रात्र वजा करतात. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगामुळे हातमोजे सक्तीचे, आणि वनखात्याची लेखी परवानगी सापळे विकत घेण्याआधीच मागा.