घरामागची दरड: आरसीसी की गॅबियन?
चिपळूणच्या मावसभावाने घरामागे 3 मीटर डोंगर कापलाय. आता आरसीसीची भिंत घालू की गॅबियन, म्हणजे जाळीत भरलेले दगड, असं विचारतोय.

आधी रेटा बघा. कोरड्या मुरमाचा आडवा रेटा एवढ्या उंचीला, दर मीटर लांबीमागे, साधारण पावणेतीन टन. उंची दुप्पट केली की तो चौपट. मागे काठोकाठ पाणी तुंबलं तर दुपटीच्याही वर. भिंती पावसात पडतात त्या उगाच नाही.

निचऱ्यात गॅबियन सरस, पाणी फटींतून निघून जातं. मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड, हवंच, नाहीतर माती वाहून येते. आरसीसीत गवंडी पाणी निघायला पाइप ठेवतात, पण माती अडवणारी मागची खडी विसरतात. मग पाइप तुंबतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यातून थेंब येत नाही!

गॅबियन पायथ्याशी दीड-दोन मीटर जागा खातं. आरसीसी दिसायला सडपातळ, पण तिचा पाया मागे मातीखाली पसरतो, म्हणजे आणखी खोदाई.

अंगण मोठं आणि दगड जवळ मिळत असेल तर गॅबियन, तार पीव्हीसी लेपाची. भिंत घराला खेटून येणार असेल तर आरसीसी, पण डिझाइन इंजिनिअरचंच.