खोक्यावर '१२०० एमबीपीएस', आत भलतीच चिप

ऑफिसच्या डेस्कटॉपसाठी यूएसबी वायफाय अडॅप्टर ऑनलाइन मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत '१२०० एमबीपीएस, ड्युअल बँड', म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालणारा. लावल्यावर नेट सुरू झालं, पण राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत येईच ना. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर तेच नेटवर्क फुल्ल रेंजमध्ये दिसत होतं.

विक्रेत्याचं उत्तर गोड होतं: 'ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) जुना आहे, ही लिंक घ्या.' ती झिप फाइल अँटिव्हायरसने अडवली, तर म्हणे अँटिव्हायरस बंद करा! ऑफिसच्या मशीनवर? मी साफ नाही म्हटलं. मग 'पोर्ट बदलून बघा', 'राउटरचं चॅनल बदला', 'आमचे इंजिनिअर फोन करतील'. फोन काही आला नाही. रिटर्नची मुदत संपली आणि उत्तरं येणंही बंद झालं. हा वेळकाढूपणा ठरवून केलेला होता, याबद्दल मला शंका नाही.

अडॅप्टरची खरी ओळख विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते. अडॅप्टरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. माझ्याकडे व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) १४८एफ, पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ७६०१ निघाला, म्हणजे एमटी७६०१यू ही चिप. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, कमाल १५० एमबीपीएस. कुठलाही ड्रायव्हर टाका, तिला ५ गिगाहर्ट्झ पकडता येणारच नाही.

प्लगचं आतलं प्लॅस्टिक यूएसबी ३ सारखं निळं होतं. टॉर्च मारून पाहिलं तर पुढच्या धातूच्या चारच पट्ट्या. यूएसबी ३ ला आत आणखी पाच असतात, त्या नव्हत्याच. म्हणजे हा यूएसबी २, ज्याची मर्यादाच ४८० एमबीपीएस. रंगसुद्धा फसवायला वापरतात, याचा मला फार राग आला. (अस्सल मालावरचा १२०० हा आकडाही ३०० आणि ८६७ या दोन बँडच्या वेगांची बेरीज, म्हणजे ११६७, वर ढकलून केलेला असतो. अडॅप्टर एका वेळी एकाच बँडला जोडला जातो.)

तेव्हा पार्सल आल्या दिवशीच आयडी तपासा, स्क्रीनशॉट घ्या. गडबड दिसली तर आधी रिटर्न टाका. ड्रायव्हरचं बोलणं नंतर. आणि सगळा संवाद खरेदीच्या ॲपमधल्या चॅटवरच ठेवा. माझ्या विक्रेत्याने 'लवकर मदत मिळेल' म्हणून दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर बोलावलं होतं. तक्रार केल्यावर ॲपवाल्यांनी कळवलं की मुदतीत तुमची तक्रार आल्याची आमच्याकडे नोंदच नाही.